मानेखालचा कागद

तुम्ही स्वतःच्या हातांनी घडवलेल्या वस्तूला हात लावायची बंदी कोणी तुम्हालाच घातली, तर तुम्ही ते हात ठेवाल कुठे?

माझे मामा ते मांड्यांखाली ठेवतात. कोणी गिटार घेऊन आलं की ते प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात, दोन्ही तळवे मांड्यांखाली सरकवतात आणि त्यांच्यावर आपलं सगळं वजन टाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, थंडी वाजतेय. एप्रिल महिना होता आणि गाव यवतमाळ.

मामा इलेक्ट्रिक गिटार बनवायचे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, एका डाळ मिलच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये. यवतमाळात इलेक्ट्रिक गिटार बनते हे यवतमाळच्या लोकांनाही सांगून पटत नसे. आत येऊन लोक दाराच्या चौकटीचा भाव विचारायचे. त्यात त्यांचीही चूक नव्हती. शेडमध्ये सगळीकडे जुनं सागवान रचलेलं असायचं, आणि त्यातलं बरंचसं खरोखरच जुन्या चौकटींचं होतं. गिटारसाठी हलकं लाकूड वापरतात, हे मामांना माहीत होतं. पण आमच्याकडे मे महिन्यात बाहेरून आणलेल्या गिटारींच्या माना वाकतात, रंग तडकतात. मामा म्हणायचे, लाकडानं इथलेच उन्हाळे काढलेले पाहिजेत. त्यामुळे त्यांची गिटार जड असे. वाजवणारे चेष्टा करत, "मिस्त्री, दरवाजाही संगंच द्या न, चौकट त दिलीच." पण लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, जयंतीच्या गाण्यांच्या संचांत, उघड्या जीपवर भर दुपारी वाजवली तरी त्या गिटारीचा सूर हलत नसे. दिग्रस, दारव्हा, पुसद, वाशीमपर्यंत त्या गेल्या होत्या.

माझं सांगायचं तर मी पत्रकांवर वाढले. बाबा दारव्ह्यात शाळेत कारकून होते आणि उरलेल्या वेळात सगळ्यांची पत्रकं लिहायचे. हमालांची, अंगणवाडी सेविकांची, एसटी कामगारांची. आमच्या घरी फडताळात पत्रकं अंथरलेली, डब्यातली पोळी पत्रकात गुंडाळलेली. मला पहिल्यांदा सलग वाचता आलेले शब्द 'जाहीर निषेध' हे होते. आईने एकदा मला जत्रेला नेलं नाही, तेव्हा मी पाटीवर तिचा जाहीर निषेध लिहून ती दारात उभी केली होती. मोठी झाल्यावर मीही पत्रकं लिहू लागले. आमच्या घरात कोणाला मोठं झाल्याचं एवढंच लक्षण माहीत होतं.

ही पत्रकं आणि मामांच्या गिटारी यांची गाठ एका जागी पडायची. गिटारची मान चार स्क्रूंनी धडाला जोडलेली असते. मान ज्या खोबणीत बसते तिथे केसभर फरक राहिला तर तारा उंच राहतात आणि वाजवणाऱ्याची बोटं सोलून निघतात. मग त्या खोबणीच्या आतल्या टोकाला, मानेखाली, एक पातळ तुकडा घालतात. दुसरे लोक लाकडाचा घालतात म्हणे. मामा कागदाचा घालायचे, आणि कागद म्हणजे बाबांची उरलेली पत्रकं. कुठल्या गिटारला किती घड्या हे त्यांना तारेवर बोट ठेवताच कळायचं. कागदाचीही त्यांना पारख होती. "अंगणवाडीवाला कागद चांगला," ते बाबांना सांगत. "हमालायचा लय पातळ, दोन पत्रकं लागते." बाबा म्हणायचे, "हमालांना तेवढाच परवडतो." त्यामुळे मामांच्या प्रत्येक गिटारच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी, एक मागणी दाबून बसवलेली होती.

शेडमध्ये मामांसह पाच जण होते. तिघे आयटीआय केलेले, आणि दिग्रसजवळच्या तांड्यावरची एक बाई. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे गोर बोलीत आई. पिकअपवर, म्हणजे गिटारच्या तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकावर, तांब्याची तार गुंडाळायचं काम तिचं. शिलाई मशीनच्या मोटरवर ती हजारो वेढे गुंडाळायची. ती तार केसापेक्षा बारीक. मध्येच तुटली तर याडी मोटरला अशा शिव्या द्यायची की तिघं पोरं बाहेर जाऊन हसत.

मग बाहेरच्या जगात छोटे कारखाने विकत घेण्याचा सपाटा सुरू झाला. मामांना ते आधी सुट्या भागांतून कळलं. तारा ताणायच्या खुंट्या ते कोलकात्याच्या एका छोट्या कारखान्याकडून मागवायचे. एक दिवस फोनवर उत्तर आलं की कारखाना आता एका कंपनीचा झालाय, फुटकळ माल देणं बंद. तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज बनवणाऱ्याचंही तेच झालं. कंपनी तीच. दक्षिणेत मामांसारखाच एकटा गिटार बनवणारा माणूस होता, मामा त्याच्याशी मोडक्या हिंदीत तासभर बोलत. त्याने एकदा सांगितलं, "मैंने दे दिया भाई." त्यानंतर त्याचे फोन कमी झाले. खुंट्यांशिवाय गिटार बनत नाही. मामांनी लोहाऱ्यातच एका लेथवाल्याकडून खुंट्या करून पाहिल्या. त्या फिरायच्या, पण सूर धरायच्या नाहीत.

आणि मग त्या कंपनीचा माणूस आमच्याकडे आला. मला त्याचा राग यायला हवा होता, तशी मी तयारीतही होते. पण तो गाडीतून उतरला, भिंतीवरची गिटार काढून खुर्चीत बसला आणि अर्धा तास काहीही न बोलता वाजवत राहिला. मामांच्या आयुष्यात त्यांच्या गिटारीला इतका वेळ कान देणारा सुटाबुटातला माणूस तो पहिला. शेवटी तो म्हणाला, "ही मान कशी काय हलत नाही?" मामा लाजले. मी त्यांना असं लाजताना कधी पाहिलं नव्हतं.

कंपनीला नाव हवं होतं, गिटारीचा आकार हवा होता, साचे हवे होते. काम इथेच चालेल, माणसं हीच राहतील, खुंट्या मिळतील. करार इंग्रजीत होता. मामांनी तो माझ्यासमोर ठेवला.

"तू वाचून घे, पोरी. मले इंग्रजीतलं स्क्रू अन् नट एवढंच समजते."

"वकिलाला दाखवू ना, मामा."

"वकील कायले? तू घरात आहे न. दिवसभर वाचूनच त राह्यली."

मला ते ऐकून बरं वाटलं, हे मी आज कबूल करते. मी दोन दिवस लाल पेन घेऊन बसले. मी वाचलं ते पत्रक वाचायच्या सवयीने. कुठे अन्याय आहे, कुठे मागणी घालायची, एवढंच माझे डोळे शोधत होते. कामगारांना वर्षभर काढायचं नाही. शेड वर्षभर लोहाऱ्यातच. पगार कमी करायचे नाहीत. तीन मागण्या मी क्रमांक घालून लिहिल्या, कंपनीच्या माणसासमोर शेडमध्ये उभं राहून वाचून दाखवल्या, आवाज चढवून. याडीने टाळ्या वाजवल्या. त्याने खिशातून पेन काढलं आणि तिन्ही मागण्या तिथल्या तिथे मान्य केल्या.

बाबांच्या हयातभराच्या लढ्यांत इतक्या लवकर मान्य झालेली मागणी मी पाहिली नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी पेढे आणले.

कराराच्या शेवटी तीन पानांचं परिशिष्ट होतं. त्यात साचे, यंत्रं, शिक्के यांची यादी होती. यादी काय वाचायची, म्हणून मी पहिलं पान चाळून पुढे गेले. यादी दुसऱ्या पानावर संपत होती. तिसऱ्या पानावर एकच परिच्छेद होता. विकणारा माणूस पाच वर्षं तारांची विजेवर चालणारी वाद्यं बनवणार नाही, त्यांत बदल करणार नाही, दुरुस्त करणार नाही. मामांनी त्या पानावर मराठीत सही केली. सहीखाली त्यांनी सवयीने एक छोटी रेघ ओढली, गिटारच्या मानेवर ओढत तशी.

कंपनीने तिन्ही मागण्या पाळल्या. मोजून वर्षभर. त्या वर्षात आधी माना तयार होऊन येऊ लागल्या, मग धडं. शेडमध्ये फक्त तारा लावायच्या आणि मामांच्या नावाचा शिक्का मारायचा. गिटार हलकी झाली, चकचकीत झाली. याडीची मोटर बंदच होती, पण पगार मिळायचा म्हणून ती रोज येऊन मोटरवरची धूळ पुसायची. वर्ष संपलं त्याच आठवड्यात कुलूप लागलं. तिघांपैकी दोघे पुण्याला गेले, एक प्लायवूडच्या दुकानात. याडी दिग्रसला पाण्याच्या मोटरी भरायच्या दुकानात लागली. तांब्याची तार तीच, फक्त जाड.

मामा घरी बसले. जुनी गिऱ्हाइकं घर शोधत यायची, मामा ओसरीत बसून त्यांची कामं करून द्यायचे. कोणीतरी कौतुकाने त्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला. दोन आठवड्यांत कंपनीचं पत्र आलं, सोबत परिशिष्टाच्या तिसऱ्या पानाची प्रत. आता आम्ही वकिलाकडे गेलो. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"धंदा विकताना अशी अट घालता येते. हात लावू नका, मिस्त्री."

"माह्याच गिटारीले?"

"तुमच्याच."

घरी येताना ऑटोत मी रडत होते. मामा म्हणाले, "जाऊ दे न व. सही मी केली." ते मला बोलले असते तर बरं झालं असतं.

मग मला जे येत होतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. असं पत्रक मी कधी लिहिलं नव्हतं. भांडवल, मक्तेदारी, श्रमाची लूट, सगळं आलं, सहा उद्गारचिन्हांसह. हजार प्रती छापल्या. पहिली प्रत मामांना दिली. त्यांनी ओसरीत उजेडात धरून ती शेवटपर्यंत वाचली, मागची बाजूही उलटून पाहिली.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण यात मान सरळ कशी होते थे कुठं आहे?"

"मामा, हे निषेधाचं आहे."

"हाव, पण ज्याची गिटार बिघडली त्यानं हे वाचून काय करावं?"

मला राग आला. इतका, की मी गठ्ठा त्यांच्याच कपाटावर ठेवून दारव्ह्याला निघून गेले. परत आले ती थेट एप्रिलमध्ये, आणि तेव्हा ते हातांवर बसलेले दिसले.

समोर दिग्रस आगाराचे एक कंडक्टर होते. जयंतीच्या गाण्यांच्या संचात गिटार वाजवायचे. गणवेशातच आले होते, पाठीला गिटार. जयंतीला सहा दिवस राहिले होते आणि तारा एवढ्या वर आल्या होत्या की खालून बोट जाईल.

"नागपूरले गेलतो," ते सांगत होते. "कंपनीच्या पोट्ट्यानं हात बी नाही लावला. म्हणे मॉडेल बंद झालं, जुनी देऊन नवी घ्या. अबे, मॉडेल बंद झालं म्हणजे काय? मी त वाजवूनच राह्यलो न!"

"मीही हात नाही लावू शकत," मामा म्हणाले.

"काहून? रागावले का, मिस्त्री?"

"करार आहे."

कंडक्टर गिटारकडे पाहत राहिले, मग मामांच्या दंडांकडे, ते कुठे जातात हे शोधत. मला वाटलं, आता उठून गिटार ओढून घ्यावी आणि काहीतरी करावं, पण मला स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेही माहीत नव्हतं. वकिलाचं वाक्य डोक्यात फिरत होतं. हात लावू नका.

"मामा," मी म्हटलं, "वकील फक्त हाताचं बोलले."

"मंग?"

"तोंडाचं त्या पानावर काहीच नाही. मी आता पाठ केलंय ते पान."

मामा खुर्चीत पुढे सरकले. मग कंडक्टरांना म्हणाले, "पेचकस धरता येते का, साहेब?"

"तिकिटाचं मशीन मीच खोलतो. डेपोवाले येतपर्यंत कोण थांबते?"

"पहिले तारा ढिल्या करा. सगळ्या. तोडू नका, ढिल्या. आता पालथी घाला. टॉवेल घ्या खाली, टॉवेल! लेकराले निजवता न, तशी. हं. आता चार स्क्रू. एक पुरा काढू नका, चारही थोडे थोडे..."

कंडक्टर काम करत होते, मामा सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांचे खांदे हलत होते. प्रत्येक स्क्रूबरोबर खुर्ची कुरकुरायची. एकदा हात निम्मा बाहेर आला. मी नुसतं पाहिलं, त्यांनी परत आत घातला. मान सुटली. खोबणीत पिवळा पडलेला, चपटा झालेला कागद होता. कंडक्टरांनी तो नखाने अलगद उचलला, उलगडला आणि मोठ्याने वाचू लागले.

"एसटी कामगारांनो... अरे! हे त आमचं आहे! मिस्त्री, हे आमच्या संपाचं आहे न!" ते पहिल्यांदा हसले. "इतके वर्सं मी हे गळ्यात घालून फिरून राह्यलो?"

"तुह्या बाबाचं," मामा मला म्हणाले. बाबा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. कागदावर त्यांचं नाव नव्हतं, पत्रकांवर ते कधीच नसायचं. पण 'आम्ही भीक मागत नाही' यातला 'आम्ही' ते नेहमी ठळक करायचे, तो ठळक होता.

"दबून गेला आहे," मामा म्हणाले. "नवा पाहिजे. जाड. पोरी, कपाटावरून तुह्या गठ्ठ्यातलं एक आण."

माझं सहा उद्गारचिन्हांचं पत्रक कंडक्टरांनी चार घड्या घालून खोबणीच्या आतल्या टोकाला बसवलं. बाबांचा कागद त्यांनी खिशात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि काढून मला दिला. मान परत बसली. तारा चढल्या. त्यांनी एक सूर छेडला. मामा डोळे मिटून ऐकत होते.

"अजून एक घडी," ते म्हणाले.

परत खोललं, परत बसवलं. या वेळी तारा पूर्वीच्या जागी आल्या.

"पाह्य," मामा मला म्हणाले. "तुह्यं पत्रक कामाचं आहे. कागद चांगला वापरला तू."

त्यानंतर मी दुसरं पत्रक लिहिलं. मामा सांगायचे, मी लिहायचे. एकही उद्गारचिन्ह नाही. तारा उंच झाल्या तर काय करायचं, आवाज खरखरला तर कुठलं बटण फिरवून पाहायचं, मेमध्ये गिटार कुठे ठेवायची. आवाज पूर्ण गेला असेल तर पिकअपची तार तुटली, ती दिग्रसच्या मोटर भरायच्या दुकानात याडीकडे न्यायची. तिने कुठेच सही केलेली नाही. मी मध्ये मध्ये 'शोषण' हा शब्द घालायचा प्रयत्न केला, मामा दरवेळी विचारत, "त्यानं तार खाली येते का?" मी खोडत गेले. मागच्या पानावर आकृत्या काढल्या. मागचं पान कोरं सोडायचं नाही आणि न वाचता सोडायचं नाही, हे मी आता शिकले आहे. कागद मामांनी दुकानात स्वतः बोटांनी चाचपून निवडला. त्याला कराराची बंदी नव्हती.

ती पत्रकं कंडक्टरांनी एसटीतून वाटली. काही गिटारी वाचल्या. किती, ते मला माहीत नाही. काहींनी चुकीचा स्क्रू पिळून लाकूड फोडलं, तेही कानावर आलं, आणि त्या दिवशी मामा जेवले नाहीत. कंपनीचा तो माणूसही आता त्या कंपनीत नाही. त्याने एकदा मामांना फोन केला होता. त्याच्या घरी मामांच्या हातची एक जुनी गिटार आहे, तो रोज वाजवतो, म्हणाला. मामांनी त्यालाही तारा कशा खाली आणायच्या ते सांगितलं. मामा फोन कधी ठेवतात याची मी वाट पाहत होते. मामांनी शेवटी विचारलं, "कागद कोणता निघाला आतून?"

कराराची दोन वर्षं अजून बाकी आहेत. मामांच्या नखांतलं सागवानाचं तेल धुऊन गेलंय, ते अधूनमधून हात नाकाशी नेऊन पाहतात. कुठल्याशा दुकानात त्यांच्या नावाच्या हलक्या गिटारी विकल्या जातात. त्यांच्या आत काहीच नाही.

म्हणून मागणी एकच, आणि ती कंपनीकडे नाही. तुमच्या घरी, माळ्यावर, मंडळाच्या खोलीत अशी एखादी जड गिटार असेल, तर ती देऊन नवी घेऊ नका. टॉवेल अंथरा, तारा ढिल्या करा, चार स्क्रू थोडे थोडे सोडवा. आत कागद सापडेल. तो मोठ्याने वाचा. दबून गेला असेल तर हे पान फाडा, चार घड्या घाला आणि त्या जागी बसवा. मान लावण्याआधी पेनाने त्यावर नाव लिहा. मामांचं नको, त्यांच्यावर बंदी आहे. तुमचं लिहा.